जुना लॅपटॉप घरच्या सुरक्षित वायफायला कसा जोडायचा

गेल्या दिवाळीत मावशीकडे गेलो होतो. फोनवर वायफायची यादी उघडली तर तिच्या घरच्या नेटवर्कच्या नावापुढे कुलपाचं चिन्हच दिसेना. चौकशी केल्यावर कळलं की फायबर जोडायला आलेल्या मुलाने सगळ्यांचे फोन पटापट जोडून दिले, पण मावशीचा २०१० सालचा लॅपटॉप काही केल्या जोडला जाईना. शेवटी त्याने राउटरवरचा पासवर्डच काढून टाकला. लॅपटॉप लगेच जोडला गेला, मावशी खूश झाली आणि तो मुलगा चहा घेऊन गेला. त्यानंतर चार महिने त्या घराचं नेटवर्क गल्लीतल्या कुणालाही खुलं होतं. त्याच नेटवर्कवरून मावशी बचत गटाचे हिशेब पाठवत होती, बँकेचं खातं बघत होती.

मला त्या मुलाचा राग आला नाही, पण काळजी वाटली. असं अनेक घरांत होत असणार. म्हणून मावशीच्या लॅपटॉपवर जे जे केलं, ते त्याच क्रमाने इथे लिहितो. तुम्ही यातलं काहीच आधी केलेलं नाही असं धरून चाललोय.

एक गोष्ट आधीच पक्की करू. जुन्या लॅपटॉपसाठी राउटरची सुरक्षा कमी करायची नाही. लॅपटॉप त्या सुरक्षेपर्यंत पोचवायचा, आणि तो पोचतच नसेल तर त्याला एक छोटा तुकडा विकत आणून लावायचा. घरात एक माणूस किल्ली विसरतो म्हणून आपण दाराचं कुलूप काढून ठेवत नाही.

चार कुलपांची ओळख

राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायच्या सुरक्षेची चार नावं दिसू शकतात. सगळ्यात जुनं डब्ल्यूईपी, १९९७ सालचं. २००१ मध्येच तज्ज्ञांनी त्यातली खोट उघड केली आणि आज ते काही मिनिटांत फोडता येतं. त्यानंतर २००३ मध्ये आलं डब्ल्यूपीए. ही तात्पुरती डागडुजी होती, त्यातली टीकेआयपी नावाची पद्धत आता वापरू नये. २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आलं, त्यात एईएस ही मजबूत पद्धत आहे. आणि २०१८ पासून डब्ल्यूपीए-३.

आपल्या कामाचं वर्ष आहे २००६. त्या वर्षीच्या मार्चपासून वायफायचं अधिकृत प्रमाणपत्र हवं असेल तर डब्ल्यूपीए-२ चालणं सक्तीचं झालं. म्हणजे २००६ नंतरचा लॅपटॉप असेल तर त्याला डब्ल्यूपीए-२ बहुधा येतंच. मावशीच्या लॅपटॉपलाही येत होतं. अडचण अशी होती की तिचा नवा राउटर फक्त डब्ल्यूपीए-३ वर लावलेला होता. राउटरमध्ये पर्याय बदलून डब्ल्यूपीए-२ घेतलं असतं तर काम झालं असतं.

आधी लॅपटॉपकडे बघा

लॅपटॉप हातात घेऊन त्याच्या पुढच्या आणि बाजूच्या कडा बोटाने चाचपून बघा. २००५ ते २०१२ च्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपांवर वायफायसाठी नखाएवढी सरकणारी खुंटी असते, तिच्याशेजारी अँटेनाचं बारीक चित्र असतं. पिशवीतून काढता-घालता ती सरकते आणि वायफाय बंद होतं. खुंटी नसेल तर वरच्या एफ-२ किंवा एफ-१२ सारख्या एखाद्या बटणावर तसं चित्र असेल. एफएन धरून ते दाबायचं. काही लॅपटॉपांवर दिवा नारिंगी असेल तर वायफाय बंद आणि निळा असेल तर सुरू असतं. अर्धा तास सेटिंगमध्ये घालवल्यावर ही खुंटी सापडली असं माझ्यासमोर तीनदा झालंय, म्हणून ती आधी बघा.

आता आतलं वायफायचं कार्ड कुठलं आहे ते पाहू. स्टार्टमध्ये डिव्हाइस मॅनेजर शोधा, उघडा, आणि नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्सच्या पुढचं चिन्ह दाबा. मावशीच्या लॅपटॉपवर एथेरॉस एआर-९२८५ असं नाव दिसलं. तुमच्याकडे इंटेल, ब्रॉडकॉम, रिअलटेक, रालिंक यांपैकी काही असेल. नाव कागदावर उतरवून घ्या, पुढे लागणार आहे. नावावर पिवळा त्रिकोण असेल, किंवा यादीत वायरलेस असं काहीच नसून खाली अनोळखी उपकरण असा शेरा असेल, तर ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते कार्ड चालवता यावं म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम, नाही.

कार्डाला कुठली कुलपं उघडता येतात हे विंडोज स्वतः सांगतं. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडा. रोमन अक्षरांत चार शब्द टाइप करा, प्रत्येकामध्ये एक जागा सोडून: एन-ई-टी-एस-एच, डब्ल्यू-एल-ए-एन, शो, ड्रायव्हर्स. एंटर दाबलं की लांबलचक माहिती येते. त्यात दोनच ओळी शोधायच्या. पहिली रेडिओ प्रकारांची: ८०२.११ च्या पुढे बी, जी, एन अशी अक्षरं असतील. त्यात ए किंवा एसी नसेल तर कार्ड बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे, म्हणजे राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला कधीच दिसणार नाही. दुसरी, डब्ल्यूपीए-२ पर्सनल आणि तिच्यासमोर सीसीएमपी. सीसीएमपी म्हणजे एईएसच. ही जोडी दिसली तर नवं काही विकत आणावं लागणार नाही.

लॅपटॉपवर अजून विंडोज एक्सपी असेल तर त्याला डब्ल्यूपीए-२ सर्व्हिस पॅक ३ पासून, म्हणजे २००८ पासून, मुळातच मिळालं. पण एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला. अशा लॅपटॉपवर कार्डापेक्षा आतली प्रणाली बदलणं जास्त गरजेचं आहे. ते खाली सांगतो.

ड्रायव्हर नसेल तर

इथे नवखा माणूस कोंडीत सापडतो. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा. सुटका तुमच्या खिशातच आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला लावा, फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. विंडोज ७ पासून पुढे आणि लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) बहुतेक वेळा लॅपटॉपला लगेच नेट मिळतं. केबल मात्र डेटा नेणारी हवी. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात. राउटरजवळ बसून राउटरची लॅन केबल लॅपटॉपमध्ये खोचली तरी चालेल, जुन्या लॅपटॉपांना ते भोक सहसा असतंच.

ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. लॅपटॉप उलटा करा, तळाच्या चिठ्ठीवरचा मॉडेल नंबर तिथे टाका. सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये देतो म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रॅमांच्या नादी लागू नका. त्यांच्यासोबत नको ती पाहुणेमंडळी घरात शिरतात आणि मग ती बाहेर काढताना दिवस जातो.

राउटरवर काय बदलायचं

राउटरच्या तळाशी किंवा पाठीवर एक चिठ्ठी असते. त्यावर सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो, बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होणारा, आणि आत जायचं नाव व पासवर्ड. आधीच जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. हा पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड वेगवेगळे असतात हे लक्षात ठेवा. आत गेल्यावर पहिल्यांदा हा आतला पासवर्ड बदला, कारण चिठ्ठीवरचा पासवर्ड अनेकदा त्या मॉडेलच्या सगळ्या राउटरांना तोच असतो.

आता वायरलेस सुरक्षा असं पान शोधा. तिथे डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ मिश्र असा पर्याय असेल तर तो निवडा. नवे फोन डब्ल्यूपीए-३ वापरतील, जुना लॅपटॉप डब्ल्यूपीए-२. पद्धत विचारली तर फक्त एईएस. टीकेआयपी आणि एईएस एकत्र असा पर्याय सोयीचा वाटतो, पण तो घेऊ नका. शिवाय टीकेआयपी वापरणाऱ्या उपकरणाला नियमाप्रमाणे ८०२.११ एन चा वेग मिळतच नाही, ते जुन्या ५४ मेगाबिटवर अडकतं. म्हणजे सुरक्षाही गेली आणि वेगही गेला.

काही जुनी कार्डं मिश्र पद्धतीलाही बिचकतात. मावशीचं तसंच झालं. नाव दिसायचं, पासवर्ड घ्यायचं, आणि मग "जोडता येत नाही". तेव्हा मी जे केलं ते मला सगळ्यात आवडतं, आणि तुम्हालाही तेच सुचवेन: राउटरवर पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क सुरू करा, ते फक्त २.४ गिगाहर्ट्झवर, डब्ल्यूपीए-२ आणि एईएसवर ठेवा आणि जुना लॅपटॉप तिथे जोडा. वाड्यात जशी ओसरीवर वेगळी खोली असते तसंच हे. पाहुण्यांच्या नेटवर्कवरच्या उपकरणाला इंटरनेट मिळतं पण घरातल्या बाकी उपकरणांपर्यंत सहसा पोचता येत नाही. लॅपटॉपमध्ये काही शिरलंच तर ते मुलाच्या फोनपर्यंत किंवा कॅमेऱ्यापर्यंत सहज जात नाही. त्याचा एक तोटाही आहे. वायफायवरचा प्रिंटर त्या लॅपटॉपवरून चालणार नाही. मावशीने कागद छापायला पेन ड्राइव्ह वापरायचं कबूल केलं.

नेटवर्कचं नाव लॅपटॉपच्या यादीत दिसतच नसेल तर कारणं तीन असू शकतात. राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलंय आणि २.४ बंद आहे. ते सुरू करून वेगळं नाव द्या. किंवा राउटर आपोआप १२ किंवा १३ क्रमांकाच्या चॅनेलवर गेलाय. भारतात ती चॅनेलं चालतात, पण अमेरिकेत विकलेल्या लॅपटॉपांना सहसा ११ पर्यंतचीच दिसतात, आणि पुतण्याने तिकडून येताना आणलेले लॅपटॉप आपल्याकडे कमी नाहीत. चॅनेल १, ६ किंवा ११ असं हाताने ठरवून टाका. तिसरं कारण, राउटर वायफाय-६ चा असेल तर काही जुन्या कार्डांना, विशेषतः जुन्या ड्रायव्हरवर चालणाऱ्या इंटेलच्या काही कार्डांना, त्याचं नावच दिसत नाही. ड्रायव्हर नवा केला की दिसतं. नाहीतर राउटरच्या २.४ च्या पट्टीवर बी-जी-एन अशी जुनी पद्धत निवडा.

नेटवर्कचं नाव लपवण्यात काही राम नाही. त्याने चोर अडत नाही, उलट लॅपटॉपच जिथे जाईल तिथे ते नाव पुकारत फिरतो. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी बटण किंवा पिन वापरून जोडायची सोय, मात्र बंद करा. त्याचा आठ आकडी पिन अंदाजाने काढता येतो हे २०११ मध्येच सिद्ध झालंय.

पासवर्डबद्दल थोडं सविस्तर

आपल्याकडे वायफायचा पासवर्ड म्हणजे बहुतेक घरांत कुणाचा तरी मोबाइल नंबर. असं करू नका, आणि का करू नका ते समजून घ्या. डब्ल्यूपीए-२ मध्ये एखादा फोन जोडला जात असतानाची देवघेव बाहेर बसलेला माणूस टिपून ठेवू शकतो. मग तो घरी जाऊन, तुमच्या राउटरला हातही न लावता, एकेक पासवर्ड लावून बघतो. भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, पुढे नऊ आकडे. म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो, पण खेळांसाठीचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो पासवर्ड तपासतं, म्हणून हे काही तासांचं काम आहे. नंबर ओळखीचा असेल तर तेवढेही लागत नाहीत.

त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द घ्या आणि रोमन अक्षरांत सलग लिहा. भोपळा, बोगदा, शिट्टी, आजोळ, पत्रा असे. म्हण किंवा गाण्याची ओळ नको, घरातल्यांची नावं नकोत. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, त्यामुळे लांबीची काळजी नको. देवनागरीत पासवर्ड ठेवू नका, तो चालेलच असं नाही. नेटवर्कचं नाव देवनागरीत ठेवता येतं, पण त्याला ३२ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं एक चिन्ह ३ बाइट घेतं. काना-मात्रा धरून दहाच चिन्हं मावतात. शिवाय जुन्या विंडोजवर ते नाव अनेकदा चित्रविचित्र अक्षरांत दिसतं. जुन्या लॅपटॉपसाठी नाव रोमनमध्येच बरं.

मावशीने पासवर्ड वहीत लिहून देवघराच्या कपाटात ठेवलाय. मला ते पटतं. रस्त्यावरून वायफाय फोडणाऱ्याला ती वही दिसत नाही.

आता जोडा

जोडण्याआधी जुनी आठवण पुसा. विंडोजला नेटवर्क जुन्या पद्धतीने लक्षात असतं. राउटरवर सुरक्षा बदलली की विंडोज जुनं-नवं जुळत नाही म्हणून अडून बसतं. विंडोज ७ मध्ये नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमधून मॅनेज वायरलेस नेटवर्क्समध्ये जा आणि ते नाव काढून टाका. विंडोज १० मध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये नोन नेटवर्क्स आहे, तिथे फर्गेट दाबा. मग यादीतून नेटवर्क निवडा, पासवर्ड टाका.

पासवर्ड चुकीचा आहे असं आलं तर लगेच राउटरला दोष देऊ नका. पासवर्डची खिडकी ठिपके दाखवते, त्यामुळे आपण काय टाइप करतोय ते कळत नाही. अक्षरं दाखवा अशी खूण असेल तर ती करा, नसेल तर नोटपॅड उघडून पासवर्ड तिथे टाइप करून बघा. मावशीच्या नोटपॅडमध्ये देवनागरी उमटली, कारण कीबोर्ड मराठीवर होता. दुसऱ्या एका लॅपटॉपवर शब्दांच्या मधे आकडे येत होते: यू, आय, ओ च्या जागी ४, ५, ६ आणि जे, के, एल च्या जागी १, २, ३. छोट्या लॅपटॉपांत आकड्यांचा कीबोर्ड अक्षरांमध्येच दडलेला असतो आणि नम लॉक चालू राहिला की असं होतं.

आता एक दुखणं जे वायफायचं नसतं, पण वायफायचंच वाटतं. नेटवर्क जोडलं जातं, सिग्नल पूर्ण, पण एकही संकेतस्थळ धड उघडत नाही. हे सुरक्षित नाही, प्रमाणपत्र (संकेतस्थळाचं ओळखपत्र) चुकीचं, असे इशारे येतात. उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. मावशीच्या लॅपटॉपवर तारीख होती १ जानेवारी २००९. वर्षानुवर्षं पडून असलेल्या लॅपटॉपमधली आतली छोटी बॅटरी संपते, तारीख मागे जाते, आणि संकेतस्थळांची आजची प्रमाणपत्रं त्या तारखेला अजून जन्मलेलीच नसतात. तारीख दुरुस्त केली की इशारे थांबतात. ती बॅटरी सहसा सीआर-२०३२ नावाची, नाण्याएवढी असते. अगदी स्वस्त मिळते, पण लॅपटॉपमध्ये तिला अनेकदा वायर जोडलेली असते, म्हणून दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या. इशारा आला की "तरीही पुढे जा" दाबायची सवय मात्र लावून घेऊ नका, बँकेच्या पानावर तर मुळीच नाही.

विंडोज ७ जोडणी झाल्यावर घर, ऑफिस की सार्वजनिक असं विचारतं. घरी असलात तरी सार्वजनिक निवडा. मग लॅपटॉप स्वतःच्या फाइली शेजारच्या उपकरणांना दाखवत बसत नाही.

खात्री करायची असेल तर पुन्हा ती काळी खिडकी उघडा, आधीचेच शब्द, फक्त शेवटी ड्रायव्हर्सऐवजी इंटरफेसेस. ऑथेंटिकेशनसमोर डब्ल्यूपीए-२ पर्सनल आणि सायफरसमोर सीसीएमपी दिसलं की जोडणी योग्य झाली.

मुलगा किंवा मुलगी जुना लॅपटॉप घेऊन कॉलेजला जात असेल तर तिथे एज्युरोमसारखं, शिक्षणसंस्थांचं सामायिक नेटवर्क भेटेल. तिथे प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड असतो. नाव अ‍ॅट चिन्हासह संस्थेच्या पत्त्यापर्यंत पूर्ण लिहायचं. जोडलं जात नाही म्हणून प्रमाणपत्र तपासू नका हा पर्याय कुणी सुचवला तर ऐकू नका. त्याने कुणीही त्याच नावाचं खोटं नेटवर्क उभं करून पासवर्ड घेऊ शकतो. संस्थेच्या संगणक विभागाकडून सेटिंगची फाइल घ्या. आणि इथेही आधी घड्याळ बघा.

वायफाय जोडलं, पण लॅपटॉप स्वतः?

वायफायचं कुलूप फक्त लॅपटॉप ते राउटर एवढ्याच वाटेचं रक्षण करतं. विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबली, विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ७ वर बँकेचं काम करू नका, हे मी मावशीलाही स्पष्ट सांगितलं.

तिच्या लॅपटॉपवर आम्ही लिनक्स मिंट टाकलं, एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. ४ जीबी मेमरीवर ते चांगलं चालतं. लॅपटॉप ६४ बिटचा हवा; ३२ बिटचा असेल तर अँटीएक्स नावाच्या हलक्या लिनक्सची ३२ बिटची आवृत्ती बघा. मिंटची मोठी सोय अशी की ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून ते आधी नुसतं चालवून बघता येतं, डिस्कवरचं काहीही न पुसता. तिथेच वायफाय जोडून बघा. एथेरॉस आणि इंटेलची जुनी कार्डं सहसा लगेच चालतात. ब्रॉडकॉम असेल तर फोन टेदरिंगवर ठेवून मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्यावा लागतो. सगळं चाललं तरच, आणि फोटो-हिशेब दुसरीकडे उतरवून घेतल्यावरच, कायमचं बसवा.

कार्डच हात टेकत असेल तर

२००६ आधीचं कार्ड असेल किंवा ते मेलंच असेल, तर यूएसबीत खोचायचा नखाएवढा वायफाय अ‍ॅडॅप्टर घ्या. २.४ गिगाहर्ट्झचे साधे अ‍ॅडॅप्टर काही शे रुपयांत मिळतात. घेताना खोक्यावर डब्ल्यूपीए-२ आणि तुमच्या प्रणालीचं नाव, विंडोज ७ किंवा लिनक्स, लिहिलेलं आहे ना ते वाचा. लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुनं कार्ड बंद करून टाका, नाहीतर दोघांमध्ये गोंधळ होतो. लॅपटॉप उघडून आतलं कार्ड बदलण्याच्या फंदात नवख्याने पडू नये. काही कंपन्यांचे जुने लॅपटॉप ठरावीक कार्डांशिवाय दुसरं स्वीकारतच नाहीत.

शेवटचं काम घरातल्या फोनांवर

तुमचं नेटवर्क मावशीसारखं काही काळ उघडं राहिलं असेल तर हे करायलाच हवं. त्या काळात जोडलेल्या प्रत्येक फोनला ते नाव बिनपासवर्डाचं म्हणून लक्षात आहे. उद्या बसस्टँडवर कुणी त्याच नावाचं उघडं नेटवर्क सुरू केलं तर फोन न विचारता त्याला जोडला जाऊ शकतो. प्रत्येक फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जुनं नाव विसरायला लावा आणि राउटरवर नेटवर्कला नवीनच नाव द्या. मावशीकडे पाच फोन होते, एक टीव्ही आणि काकांचा जुना टॅबलेट. टॅबलेट कपाटात बंद पडला होता, तो आधी चार्जिंगला लावावा लागला.